रिकाम्या घराचं कलम

१

वकीलबाईंचा सोमवार तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत जायचा, आणि तिथून त्या बाहेर पडायच्या त्या डोक्याचा भुगा करून घेऊनच. तसे तऱ्हेवाईक अशील त्यांना नवे नव्हते. चोरीचं घड्याळ मनगटावर बांधून "मी त्यातला नाही" म्हणणारे त्यांनी पाहिले होते. पण वकिलानं सुटकेचं दार उघडून धरावं आणि अशिलानं ते आतून लावून घ्यावं, असला नग पहिलाच.

त्याला सगळे पाहुण्या म्हणत. भरदुपारी लोकांच्या घरात शिरायचा तो चपला दाराबाहेर काढून, म्हणून पोलिसांनी ठेवलेलं नाव. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, बोलायला गोड. घरफोडीशिवाय दुसरा धंदा केला नाही, आणि त्यात कधी कुणाच्या अंगाला बोट लावलं नाही. खोलीत खुर्ची असूनही तो भिंतीला पाठ लावून उभा राही.

"पुन्हा एकदा सांगते," वकीलबाई म्हणाल्या. "रिकाम्या घरात शिरलात तर जास्तीत जास्त तीन वर्षं. तेवढी तर तुम्ही खटला सुरू व्हायची वाट बघत इथंच काढलीत. म्हणजे निकाल लागला की घरी. पण घरात माणूस असताना शिरलात, तर दहा, म्हणजे अजून सात. काय म्हणाले मी?"

"दहा."

"मग कोर्टात काय सांगायचं? घर रिकामं होतं."

पाहुण्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि दाराकडे पाहिलं. दर सोमवारी तो असंच करायचा. हे वाक्य आलं की कानांवर हात आणि नजर दाराकडे.

"अहो, घरमालक बाहेर, त्याची बायको बाहेर, पोरं बाहेर! मग आत कोण होतं, माझा सासरा?"

"बाई, तुमचे उपकार आहेत," पाहुण्या अगदी कळवळून म्हणाला. "दुसरं काहीही म्हणायला सांगा. हे नको."

तुरुंगाच्या फाटकाबाहेर त्याची मुलगी उभी असायची, कडेवर वर्षभराचं मूल घेऊन. नवरा सोडून गेलेला, आई कधीच वारलेली. तिला या जगात बाप होता आणि बापाला ती. "या खेपेला सुटतील ना बाबा?" तिनं विचारलं. "यानं अजून आजोबा बघितला नाही."

"सुटतील. एक वाक्य बोलायचंय फक्त," वकीलबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच रागानं रिक्षात बसल्या.

२

गंमत अशी की पाहुण्याला कुणी पकडलंच नव्हतं. त्यानं स्वतः पोलिसांना फोन केला होता. "मी चोर बोलतोय, घरात कोणीतरी आहे, मला सोडवा," असा तो फोन, आणि तो नोंदवलेला. झालं! सरकारी वकिलाला आयतं कोलीत मिळालं. घरात कोणीतरी होतं असं चोरच म्हणतोय, म्हणजे लावा मोठं कलम.

"ठीक आहे," पुढच्या सोमवारी वकीलबाई पेनचं टोपण उघडून बसल्या. "तुमच्या तोंडून ऐकते. पहिल्यापासून."

"पूर्वी मी आणि माझा मेहुणा मिळून कामं करायचो. तो कुंपणापाशी थांबायचा, मी आत. सगळ्या खोल्या बघून झाल्या की मी हळूच सांगायचो, घर रिकामं... ते सांगायचो. मगच तो आत यायचा. मेहुणा गेला, सवय राहिली. एकटा असलो तरी म्हणतो. ते म्हटल्याशिवाय माझा हातच चालत नाही."

"म्हणालात. मग?"

"मागच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला."

"मांजर."

"मलाही तेच वाटलं. ती खोली आत्ताच तर बघून आलो होतो. मग मनाची समजूत काढायला परत म्हणालो. जरा मोठ्यानं." "तेव्हा ते बाहेर आलं. खुर्ची घेऊन. आणि पॅसेजमध्ये माझ्यासमोर बसलं."

"ते म्हणजे कोण? पुरुष? बाई?"

"बसलेलं होतं बाई, तरी माझ्याहून उंच होतं."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी नजर हलवली नाही," पाहुण्या म्हणाला. "नजर हलली की खुर्ची पुढे सरकायची. फोनसुद्धा न बघता लावला. पोलीस आले तेव्हा आमचे गुडघे एकमेकांना लागायला आले होते."

"पोलिसांना काय दिसलं?"

"मी. आणि माझ्यासमोर रिकामी खुर्ची."

वेड्याचं सोंग म्हणावं, तर तो मार्ग आधीच चाचपून झाला होता. डॉक्टरांनी पाहुण्याला ठणठणीत ठरवलं होतं. वेड लागायची पाळी आता वकीलबाईंवर होती.

३

चोर नाही तर नाही, घरमालक तरी सरळ बोलेल, असं मनाशी धरून त्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. घरमालकाचं ते दुकान. माणूस सभ्य, टापटीप, नाकावर स्वतःच्याच दुकानातली महागडी फ्रेम.

"त्या गरीब चोराबद्दल आमची काही तक्रार नाही," एका चष्म्याच्या काड्या सरळ करत तो म्हणाला. "चमचासुद्धा गेला नाही आमचा."

"मग माझं कामच झालं. त्या दुपारी घर रिकामं होतं, एवढं साक्षीत सांगा."

"आम्ही चौघंही बाहेर होतो."

"तेच म्हणतेय मी. रिकामं होतं."

"मी दुकानात, बायको तिच्या बहिणीकडे, मुलं शाळेत."

"म्हणजे रिकामं!"

"आम्ही सगळे बाहेर होतो, बाई." त्यानं काडी पुन्हा वाकडी केली आणि पुन्हा सरळ केली.

वकीलबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लोक दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. तसलाच हा काहीतरी खुळचट संकेत असावा. पण इथं एका माणसाच्या आयुष्याची वर्षं टांगणीला लागली होती आणि या गृहस्थाला शब्द निवडून वापरायचे होते! पोलिसांना दिलेल्या जबाबातही दोघा नवराबायकोनं नेमकं हेच आणि एवढंच सांगितलेलं त्यांना आता आठवलं.

"मला घर बघायचंय," त्या म्हणाल्या.

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "बघा की. बायको आहे घरी. फक्त आत गेल्यावर..." तो थांबला. "नाही, काही नाही. बघा."

४

घर बैठं, उजेडाचं, नुकताच रंग दिलेलं. घाबरावं असं त्यात औषधालाही काही नव्हतं. बाहेरची खोली, तिथून आत जाणारा पॅसेज, डाव्या हाताला स्वयंपाकघर, त्याला दुधी काचेचं दार, आणि पॅसेजच्या टोकाला इस्त्रीची खोली. सकाळचे अकरा वाजलेले. रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती. घरात मात्र रेडिओ चालू होता, तोही प्रत्येक खोलीत वेगळा.

"एवढे रेडिओ?"

"बरं असतं," चष्मेवाल्याची बायको म्हणाली. गोल चेहऱ्याची, हसरी बाई, पण बोलायची ती दवाखान्यात बोलल्यासारखं. इस्त्रीच्या खोलीत शिरण्याआधी ती उंबऱ्याशी थांबली, खाकरली, मग आत गेली. टेबल, घड्या घातलेले कपडे, खिडकीपाशी उशी घातलेली एक खुर्ची. वकीलबाईंनी खिडकीचे गज हलवून पाहिले, मागच्या भिंतीवर हात फिरवला. शेजारचा आवाज इथं येणं शक्यच नव्हतं. मांजर शिरायलाही जागा नव्हती.

दोघी पॅसेजमध्ये परतल्या. पाहुण्या इथंच उभा असणार.

"ताई, मी आता तुम्हाला स्पष्टच विचारते," वकीलबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही परत आलात तेव्हा घरात पोलीस आणि चोर सोडून आणखी कोणी होतं?"

"आम्ही कोणी नव्हतो."

"तुम्ही सोडून!"

"आम्ही सगळे बाहेर होतो हो."

आता मात्र हद्द झाली. "अहो, काय लावलंय काय तुम्ही सगळ्यांनी? एक म्हातारा होत आलेला माणूस आणखी सात वर्षं खडी फोडेल, आणि तुम्हाला साधं बोलायला जीभ वळत नाही? घर रिकामं होतं! रिकामं! झालं? पडलं का आभाळ?"

चष्मेवाल्याच्या बायकोनं त्यांचं मनगट धरलं. केवढी ताकद त्या नाजूक हातात! एकाएकी सगळे रेडिओ ऐकू येईनासे झाले. बंद झाले नव्हते. स्वयंपाकघरातल्या रेडिओवरचा दिवा दुधी काचेतून तसाच जळताना दिसत होता.

इस्त्रीच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

वकीलबाई हट्टी. हात सोडवून त्या तरातरा चालत गेल्या आणि दारात उभ्या राहिल्या. खोलीत कोणी नव्हतं. खिडकीपाशी असलेली खुर्ची आता दाराकडे तोंड करून होती. तिच्यावरच्या उशीला मोठा खोलगा पडला होता आणि कोणी नुकतंच उठून गेल्यावर होतं तसा तो हळूहळू भरून येत होता. कापूस जुना असेल. हवा असेल. काय वाट्टेल ते असेल. त्या बघत राहिल्या, खोलगा पुरता भरला, आणि मग त्यांना सुचलं की जे उठलं ते बाहेर येताना आपल्याला ओलांडूनच गेलं असणार.

त्या मागे वळल्या. चष्मेवाल्याची बायको पॅसेजमध्ये भिंतीला चिकटून खाली मान घालून उभी होती. तिच्या पलीकडे स्वयंपाकघराचं दुधी काचेचं दार. काचेमागे काहीतरी होतं. ते वाकून उभं होतं, कारण दार त्याला पुरत नव्हतं, आणि खांद्यांच्या खाली जिथं चेहरा यायला नको तिथं काहीतरी फिकट काचेला टेकलेलं होतं, बाहेरचं नीट ऐकू यावं म्हणून कान लावतात तसं.

मग रेडिओ पुन्हा वाजायला लागले.

फाटकाशी चष्मेवाल्याची बायको एवढंच म्हणाली, "एकदा म्हणालात, असू दे. माहीत नव्हतं तुम्हाला. आता ते तुम्हाला ओळखतं. कुठंही परत म्हणू नका."

"अहो, मग तुम्ही या घरात राहता कशाला?"

"घर बदलून पाहिलं," ती म्हणाली. "दोनदा."

५

ऑफिस म्हणजे घराच्याच पुढच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत वकीलबाई, बाहेरच्या खोलीत अशिलांसाठी चार खुर्च्या, आणि टायपिंगला त्यांची नणंद, जिच्या जिभेला हाड नव्हतं पण बोटांना वेग होता.

"वहिनी, चेहरा का असा? चोरानं फी बुडवली?"

"वन्सं, तुम्ही टाइप करा."

उजेड दिसला असेल, वकीलबाई स्वतःला बजावत होत्या. काचेवर झाडाची सावली पडली असेल. बायका घाबरवतात एकमेकींना. आपण शिकल्यासवरल्या, आपण कायदा वाचलाय, पुरावा कशाला म्हणतात ते आपल्याला कळतं. त्यांनी घसा साफ केला. "लिहा. घटनेच्या वेळी सदर घर..."

बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"कोण आलंय?" नणंदेनं ओरडून विचारलं आणि उठून डोकावली. "कोणी नाही बाई. पण खुर्ची बघा कशी कुणी दाराशी आणून ठेवलीय. लोकांना शिस्त म्हणून नाही." तिनं ती जागेवर सरकवली आणि परत येऊन बसली. "हं. सदर घर... काय?"

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, पंखा फिरत होता, नणंद बोटं मोडत होती. सगळं होतं तिथं होतं. मेलं एक साधं वाक्य!

"लिहा," त्या शेवटी म्हणाल्या, "सदर घरातील कुटुंबीय बाहेर होते."

"हे जरा पुळचट वाटतंय, वहिनी."

"माहितेय मला!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की नणंदेचे हात टाइपरायटरवरून उचललेच गेले.

रात्री त्यांना स्वतःचीच चीड आली. उद्या उठून कोर्टात उभं राहायचं, खणखणीत आवाजात म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पाहुण्याच्या मुलीला तसा शब्द दिलाय आपण. मूल काय, मोठं होतच असतं. आजोबा सात वर्षांनी बाहेर येईल तेव्हा त्याला कोण ओळखणार?

६

कोर्टात तुरळक गर्दी. मागच्या बाकावर पाहुण्याची मुलगी, मूल मांडीवर झोपलेलं. पाहुण्या पिंजऱ्यात. चष्मेवाला साक्षीला उभा.

सरकारी वकिलानं लवंग चघळत विचारलं, "घरात कोणी होतं?"

"आम्ही चौघंही बाहेर होतो."

"ते लिहिलंय. मी विचारतोय घरात कोणी होतं का?"

"आम्ही बाहेर होतो, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हातारा माणूस, संधिवाताचा, कोर्ट उठायची वाट बघणारा, पण मनानं वाईट नाही. "आरोपीही सांगत नाही, साक्षीदारही सांगत नाही. काय चाललंय हे?" ते वकीलबाईंकडे वळले. "हे बघा, तुम्ही घर स्वतः पाहिलंत. तुमचं म्हणणं साक्षीदारासमोर सरळ मांडा, की घर रिकामं होतं. त्यानं नाकारलं नाही तर मी ते मान्य धरतो आणि छोटं कलम लावतो. हा माणूस संध्याकाळी घरी जाईल. एक वाक्य, बाई. मांडा."

याहून सोपं काय असणार! सरकारी वकिलानंही खांदे उडवले. त्याला जेवायची घाई होती.

वकीलबाई उठल्या. पिंजऱ्यात पाहुण्यानं हात जोडले होते आणि तो मान हलवत होता, नको, नको. बाकावर त्याची मुलगीही मान हलवत होती, हो, हो. वकीलबाईंनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

"माझं असं म्हणणं आहे," त्या म्हणाल्या, "की त्या दुपारी ते घर..."

त्यांच्या अगदी पाठीमागे, जिथं वकिलांच्या रिकाम्या खुर्च्या होत्या तिथं, एक खुर्ची फरशीवरून ओढली गेली. दुसऱ्या कुणी मान वळवली नाही. वकीलबाईंच्या पायांवर सावली पडली. कोणीतरी त्यांच्या मागे बसलं होतं, आणि बसूनही त्याची सावली त्यांच्या डोक्यावरून पुढे टेबलापर्यंत गेली होती. मग ती सावली वाकली आणि त्यांच्या कानाशी आली.

"ते घर?" न्यायाधीशांनी विचारलं.

किती सोपं होतं! जीभ टाळूला लावायची, उचलायची. दहा वर्षं. वकीलबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मानेच्या केसांवर थंड हवा लागत होती, आत ओढली जाणारी. काहीतरी ऐकण्यासाठी श्वास धरत होतं.

"वकीलबाई, मी वाट बघतोय."

"माझं..." त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "माझं काही म्हणणं नाही, साहेब."

बाकावरून एक हुंदका आला. न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. मोठं कलम. पोलीस पाहुण्याला घेऊन जाताना तो वकीलबाईंपाशी थांबला. "बरं केलंत, बाई," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. तेच त्यांना सहन झालं नाही.

७

मुलीनं त्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठलं. मूल जागं होऊन भोकाड पसरत होतं. भोवतीनं माणसं चढत-उतरत होती, उन्हात कुणी वडापावाचा नाही तर कसला तरी कागद चोळामोळा करून टाकत होतं, कुणी तारखेवरून भांडत होतं.

"का नाही बोललात?" तिनं विचारलं. "न्यायाधीश स्वतः सांगत होते ना बोला म्हणून?"

"मला..." वकीलबाईंनी आयुष्यात इतक्या लोकांची बाजू मांडली होती, आता त्या फाइलची नाडी आवळत राहिल्या. "तुला नाही कळायचं ते."

"सांगा ना! पैसे खाल्लेत? घाबरलात? अजून सात वर्षं म्हणजे हा शाळेत जाईल हो, तिसरीत जाईल! मी एकटीनं काय करायचं? एक वाक्य होतं, बाई! तुम्हीच म्हणाला होतात, एक वाक्य!"

"हळू बोल."

"का हळू? मी काय चोर आहे? बाबा बोलत नाहीत, तो चष्मेवाला बोलत नाही, तुम्ही बोलत नाही. काय सोनं लागलंय त्या वाक्याला?" तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, डोळे पुसले आणि बंद झालेल्या कोर्टाच्या दाराकडे तोंड केलं. "मी म्हणते. आता जाऊन त्या न्यायाधीशाला ओरडून सांगते. ते घर रि..."

वकीलबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. पायऱ्यांवरची माणसं थबकून बघायला लागली. मुलगी धडपडत होती, नखं ओरबाडत होती, मूल दोघींच्या मध्ये चेंगरून किंचाळत होतं. सावली पडली का कुठं, हे बघायला वकीलबाईंना मान वर करवत नव्हती. तळव्याखाली मुलीचे ओठ हलत होते. ती उरलेलं वाक्य पुरं करत होती, अक्षर न् अक्षर, आणि ते त्यांच्या कातडीला कळत होतं.

त्यांनी दुसरा हातही वर ठेवला आणि आणखी घट्ट दाबला.